सड्यावरचे छोटे अंगण आणि जुनी झाडे: कोणती ठेवायची, कोणती काढायची

गोव्यातल्या पर्वरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आमची जागा ४०० चौरस मीटरची. घर आणि गाडीची जागा वजा केली तर अंगण जेमतेम २२०. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यात सात झाडे होती. पश्चिमेला माणकुराद आंबा, सेप्टिक टाकीजवळ फणस, दोन माड, गेटवर गुलमोहर, मागच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चिकटून ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर चिकू. आज चार आहेत. एक परवानगी घेऊन काढले, एक रोगाने गेले आणि एक मी माझ्या हाताने मारले, तेही त्याचे भले करायला जाऊन.

घर घेतले की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतो, "आधी ही झाडे काढून टाका, मग बाग करा." दुसरा सांगतो, "झाडाला हात लावायचा नाही." दोघांनाही तुमच्या अंगणात राहायचे नसते. म्हणून ठरवायचे कसे, ते इथे क्रमाने लिहिते.

सड्याची जमीन वेगळी

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सड्यावर तो थांबत नाही, जांभ्यावरून वाहून जातो. फेब्रुवारीपासून आमचे अंगण वाळवंटच असते. माती वीतभर, खाली कातळ, आणि दुपारी तापलेली चिऱ्यांची भिंत रात्री नऊपर्यंत गरम. दुबईला नोकरी करणारा माझा भाचा सांगतो की तिथे झाडाच्या बुडाशी ठिबकची नळी असतेच. झाड ठेवायचे म्हणजे पाण्याचा खर्च ठेवायचा. आपल्याकडे तसे नाही. वीस-तीस वर्षांचा आंबा कातळाच्या फटीतून खाली गेलेला असतो, त्याला मे महिन्यात तुमच्या नळाची गरज नसते. नवे रोप लावले तर त्याला निदान तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. सड्यावर जुन्या झाडाची खरी किंमत ही आहे. नर्सरीत ती विकत मिळत नाही.

दुसरी बाजूही आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या रस्त्यावर आडवी झालेली झाडे मी जवळून पाहिली. एका गुलमोहराची मुळे उपटून उभी राहिली होती. तव्यासारखी सपाट थाळी, जाडी हातभरसुद्धा नाही, आणि खाली जांभा झाडून काढल्यासारखा स्वच्छ. कातळाला फट मिळाली तर मूळ खाली जाते, नाही मिळाली तर आडवे पसरते. वरून दोन्ही झाडे सारखीच दिसतात.

आधी वही, मग कोयता

शक्य असेल तर एक वर्ष काही काढू नका. घाई असेल तर निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तेवढ्यात वहीत लिहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दुपारी तीनला सावली कुठे पडते, डिसेंबरात आणि मे महिन्यात वेगवेगळी. पाने कधी गळतात आणि कुठे जातात. कौलांच्या पन्हळीत गेली तर जूनमध्ये पाणी घरात. जोराच्या पावसात पाणी कुठे साचते. वाऱ्यात कोणती फांदी कशावर आपटते.

माणकुरादाबद्दल मी पहिल्या महिन्यात लिहिले होते, "अंधार करतो, अर्धा काढावा." मे महिन्यात लिहिले, "पश्चिमेच्या खोलीत पंखा दोनवर, शेजारच्या खोलीत पाचवर." प्रश्न तिथेच मिटला. सकाळचे ऊन अडवणारे झाड आणि तीननंतरचे ऊन अडवणारे झाड यांना एका मापाने मोजू नये.

टेप आणि पहार

प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर मोजा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ बुंध्याभोवती आखा. एवढी जमीन त्या झाडाची, असे धरून चालायचे. आमच्या आंब्याचा घेर १५७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ५० आणि त्रिज्या ६ मीटर. वर्तुळ भरले ११३ चौरस मीटरचे, अंगणाच्या निम्म्याहून जास्त. थोडे घराच्या पायाखाली, थोडे शेजाऱ्याकडे. मुळे त्याहीपुढे जातातच, पण या वर्तुळाच्या आत खणले, भराव टाकला किंवा गाडी उभी केली तर झाडाला ते सोसत नाही.

नकाशावर ही वर्तुळे काढली की निम्मे निर्णय आपोआप होतात. पाण्याची टाकी, नवी खोली, पार्किंगचे काँक्रीट वर्तुळात येत असेल तर त्यातले एकच काहीतरी ठेवता येईल. "झाड ठेवून बांधतो" असे कंत्राटदार म्हणतो तेव्हा त्याला खोड दिसत असते, मुळे नाही. अशी "ठेवलेली" झाडे तीन-चार वर्षांनी वाळतात, आणि तोवर सुकण्याचे कारण कोणाला आठवत नाही.

मग पहार घ्या आणि वर्तुळाच्या कडेला चार-पाच ठिकाणी जमिनीत घाला. किती खोलीवर ठण्ण करते ते लिहा. पहार सगळीकडे वीतभरातच थांबत असेल आणि झाड उंच, वाऱ्याच्या तोंडावर असेल, तर ते झाड संशयितांच्या यादीत.

पायाला तडे जातील ही भीती आपल्याकडे जरा जास्तच ऐकू येते. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसते, त्यामुळे तिथे झाडाने पाणी ओढले की पाया हलतो. जांभ्याच्या मातीत ते प्रमाण फार कमी. माडाची मुळे तर दोरीसारखी, ती एका मर्यादेपलीकडे जाड होत नाहीत, भिंत फोडत नाहीत. खरी भीती बाळगायची ती वड, पिंपळ, उंबर यांची, जे चिऱ्यांच्या फटीत रुजतात. करंगळीएवढे आहे तोवर उपटा. आणि दुसरी, गळक्या सांडपाण्याच्या पाइपची. मूळ पाइप फोडत नाही, पण ओल जिथून गळते तिथे शिरते. आमच्या फणसावर टाकी तुंबवल्याचा आरोप होता. टाकीचा जुना सिमेंटचा जोड फुटलेला निघाला. जोड बदलला, फणस निर्दोष सुटला.

झाडाची तपासणी

यासाठी लाकडी मोगरी, खिळा आणि ओळंबा एवढेच लागते.

मोगरीने बुंध्याभोवती, जमिनीपासून छातीपर्यंत, हळू ठोकत जा. भरीव लाकूड कोरडा, आखूड आवाज देते. पोकळ जागी आवाज घुमतो, रिकाम्या मडक्यासारखा. आधी ज्याच्याबद्दल खात्री आहे अशा झाडावर ठोकून कान तयार करा. पोकळी आहे म्हणजे झाड जाणारच असे नाही, खोडाचे बळ बाहेरच्या कड्यात असते. पण पोकळ आवाज घेराच्या अर्ध्या भागात येत असेल तर जाणकाराला बोलवा.

बुंध्याशी पंख्यासारखी कठीण बुरशी आली असेल, वरून तांबूस तपकिरी आणि कडेला पांढरी, तर मुळे कुजत आहेत असे समजा. हे सगळ्यात वाईट लक्षण. वर हिरवीगार पाने असूनही असे झाड एका पावसात आडवे होते. खोडाच्या भोकातून भुसा गळत असेल तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, आत आहे. लवकर पकडला तर तार घालून अळी काढता येते. वाळवीची माती पाहून मात्र घाबरू नका. ती बहुधा मेलेली साल खात असते. माती खरवडा, खिळ्याने साल ओरखडा, खाली ओले हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

बेचके नीट पहा. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यातून वर गेल्या असतील आणि मध्ये साल आत दुमडलेली असेल, तर तो जोड कच्चा. वाऱ्यात तिथूनच फाटते.

कललेले झाड दोन प्रकारचे. लहानपणापासून उजेडाकडे झुकलेले झाड वर जाऊन सरळ होते, खोडाला वळण दिसते. ते म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसारखे, तसेच राहते. खोड काठीसारखे सरळ आणि पूर्ण झाडच कललेले, कलाच्या उलट बाजूला जमीन फुगलेली किंवा भेगाळलेली, तर ते पडायला निघालेले आहे. त्याच्याखाली गाडी लावू नका आणि निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलू नका. संशय असेल तर पहिल्या बेचक्यातून ओळंबा सोडा, खाली जिथे टेकतो तिथे चिऱ्याचा तुकडा रोवून खूण करा. मे आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा.

माडाची तपासणी पाडेलीकडून. नारळ पाडायला येणारा माणूस वर जाऊन जे पाहतो ते खाली उभ्या असलेल्या तज्ज्ञाला दिसत नाही. आमच्या दोन माडांपैकी धाकट्यावरून तो सप्टेंबरात उतरला, कोयता कमरेला अडकवला आणि म्हणाला, "बाय, ह्या माडाचो कोंब गेला." हातात मधले कोवळे पान होते, ओढताच आलेले. खालचे टोक तपकिरी, मऊ, आणि आंबलेल्या भाताचा वास. कोंब कुजण्याचा रोग पावसाळ्यातच येतो. माडाला वाढीचा डोळा एकच, तो गेला की दुसरी फांदी फुटत नाही. लवकर कळले तर कुजलेला भाग काढून बोर्डो पेस्ट लावून वाचवता येते. आम्हाला उशीर झाला. शेंडा जाळला, आणि शेजारच्या माडावर बोर्डो मिश्रण फवारले. तो अजून नारळ देतो.

मी चिकू कसा मारला

चिकूच्या भोवती पावसात चिखल व्हायचा. फेब्रुवारीत मी तिथे फूटभर तांबडी माती टाकून घेतली आणि वर सिमेंटच्या थरावर पेव्हर बसवले. खोडाभोवती हातभर गोल मोकळा ठेवला, वर पांढरे गोटे. फोटो छान आले. पहिल्या वर्षी पाने लहान झाली, दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले, तिसऱ्या वर्षी फांद्या कडकडा मोडू लागल्या. झाडाची खाणारी मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि त्यांना हवा लागते. मी त्यांच्यावर भराव टाकला आणि वर झाकण बसवले. नवे झाड लावताना जी काळजी घेतली असती तिच्या निम्मीसुद्धा जुन्यासाठी घेतली नाही, कारण ते "लागलेले" होते.

म्हणून झाड ठेवायचे ठरले की पुढचा प्रश्न त्याखाली काय करायचे नाही हा. भराव नाही, सिमेंट नाही, आणि आंब्याखाली लॉन तर मुळीच नाही. लॉनला उन्हाळाभर पाणी लागते. आंब्याला मोहोर यायला पावसानंतर कोरडा ताण लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लॉनचे पाणी मिळत राहिले तर आंबा मोहोराऐवजी पालवी काढतो आणि आपण म्हणतो, झाड म्हातारे झाले. त्याखाली हळद, आले, सुरण लावा. पहिल्या पावसाला लावायची, जानेवारीपासून काढायची, उन्हाळ्यात त्यांना पाणीच नको. वर पातोळ्यांना हळदीची पाने घरची.

काढणे आणि ठेवणे यांच्या मधले

बहुतेक वेळा उत्तर इथे असते. खालच्या फांद्या चढवल्या की अंधार जातो, वाऱ्याचा भार कमी केला की भीती जाते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर, पावसाचा जोर लागण्याआधी. एका वर्षी चौथाईहून जास्त पालवी काढू नका.

जाड फांदी तीन कापांत. खोडापासून फूटभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा कापा. त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी सोडा. मग उरलेला खुंट, फांदीच्या मुळाशी सालीची जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून साफ कापा. वळी ठेवली तर झाड जखम मिटवते. पहिला काप विसरलात तर पडणारी फांदी बुंध्यापर्यंतची साल सोलून नेते. जखमेला बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, १० लिटर पाण्यात, वेगवेगळे भिजवून मग एकत्र, लोखंडी भांड्यात नाही.

शेंडा उडवून झाड "बुटके" करणाऱ्यांना मात्र अंगणात घेऊ नका. त्या जागी दाट काड्या फुटतात, त्यांचा जोड वरवरचा असतो, आणि चार वर्षांनी त्याच घरावर पडतात. विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः कापू नये, वीज खात्याला कळवावे.

काढायचेच ठरले तर

आमचा अकेशिया यात बसला. पहारीला वीतभरात कातळ, गडग्याला भेग, बेचके फाटलेले, आणि पानांचा असा चामट थर की खाली काही उगवत नव्हते. सड्यांवर हे झाड लवकर हिरवळ दिसावी म्हणून लावले गेले, आणि ते काम त्याने केले. ४०० मीटरच्या जागेत त्याला काही काम नव्हते.

झाड आपल्या जमिनीत असले तरी गोव्यात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खाजगी जागेलाही लागू आहे आणि अर्ज वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. माड त्यात येतो की नाही यावर मोठा वाद झाला होता. २०१६ साली तो वगळला, २०१७ साली परत आला, वर राज्यवृक्षही झाला. अर्जासोबत मालकीचे कागद लागतात, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि सर्व्हेचा नकाशा जवळ ठेवा. उताऱ्यावर काका, आत्या, मुंबईला गेलेले चुलतभाऊ अशी नावे असतील तर त्यांची संमती आधीच गोळा करा. आमच्या ओळखीच्या एका घरात झाडापेक्षा सह्यांना जास्त दिवस लागले. झाडाचे चारही बाजूंनी फोटो, मोगरीची आणि पहारीची नोंद, ओळंब्याच्या तारखा सोबत दिल्या की पाहणीला आलेल्या माणसाशी बोलणे सोपे होते. परवानगी मिळताना बदली झाडे लावायची अट येते, ती लावायची जागा अर्जाआधीच ठरवा.

बुंध्यात औषध ओतून झाड "आपोआप" वाळवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. कायद्याचे राहू दे. उभे वाळलेले झाड ठिसूळ होते, मग त्यावर चढायला कोणी तयार होत नाही.

काढायचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जमीन कोरडी असताना, आणि घरटी पाहून. दोरीने बांधून तुकड्या-तुकड्याने. गडग्याला लागून असलेला बुंधा उपटू नका, जमिनीलगत कापून सोडा. मुळे ओढली तर गडगा सोबत येतो.

बदली झाड पहिल्या पावसाला. आम्ही भिरंड, म्हणजे कोकम, लावले. वाढ सावकाश, लहानपणी सावली चालते, छोट्या जागेत मावते. भिरंडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, म्हणून बी रुजवून सात-आठ वर्षे वाट पाहण्यापेक्षा मादीचे कलम घ्या. कोणत्या कलमाला काय जमेल ते विभागीय कृषी कार्यालयात विचारता येते.

राहिला गुलमोहर. मे महिन्यात गेट तांबडे होते आणि रस्त्यावरचे लोक थांबून पाहतात. त्याची मुळे उथळ, लाकूड हलके, आणि ज्या बाजूला तो झुकतो तिकडे शाळेची मुले चालतात. यजमान म्हणतात काढू, मुलगी म्हणते माझे लग्न होईपर्यंत नाही. मी दोन वर्षांपूर्वी ओळंबा सोडून चिऱ्याचा तुकडा रोवला. पहिल्या वर्षी टोक बरोबर खुणेवर आले. गेल्या ऑक्टोबरात दोन बोटे पुढे होते. मेमध्ये वाऱ्याच्या बाजूच्या दोन फांद्या उतरवून भार हलका केला, अर्ज लिहून ठेवला आहे, तारीख घातलेली नाही. पाऊस ओसरला की पुन्हा ओळंबा सोडणार आहे.